अभ्यासाचे बेचाळीस, खेळाचे सव्वीस

मध्यमवर्गीय घरात मोठी खरेदी कधीच एकट्याची नसते. फ्रिज घ्यायचा तर शेजारच्या काकू कंपनी सुचवतात, स्कूटर घ्यायची तर ऑफिसातली पाच माणसं ॲव्हरेज सांगतात आणि सोनं घ्यायचं तर सल्ला थेट आजेसासूबाईंपर्यंत जातो. पण अलीकडे आपल्या घरांत एक वस्तू अशी आली आहे, की तिच्याबद्दल वडीलधाऱ्यांना काही म्हणजे काही ठाऊक नसतं आणि जे काही ठाऊक असतं ते घरातल्या सगळ्यात लहान माणसाला! ती वस्तू म्हणजे लॅपटॉप. त्यातही ‘गेमिंग लॅपटॉप’. पैसे आईवडिलांचे, ज्ञान मुलाचं. आणि विश्वास? तो दोघांच्या मध्ये कुठेतरी लटकत असतो.

२०२५ च्या जुलैमध्ये माझ्या इंदूरच्या ताईचा फोन आला. भाच्याला दिल्लीजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. “तो आठ दिवस आधी तुझ्याकडे येईल. तुम्ही दोघं जाऊन त्याचा लॅपटॉप घ्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू पेपरात काम करतेस, तुला चार माणसं विचारता येतील,” ताई म्हणाली. मग आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, “तो म्हणतो, सत्तर हजारांचा लागतो. खरंच लागतो का गं एवढ्याचा?”

हे सत्तर हजार कुठले, ते मला माहीत होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये भाऊजींचा पगार निम्म्यावर आला, तेव्हा ताईने डबे सुरू केले. पहिल्या महिन्यात चार डबे होते. त्याच जुलैत तिने पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती खातं उघडलं, महिन्याला एक हजार रुपयांचं. तेव्हा व्याजाचा दर होता ५.८ टक्के. साठ महिने, साठ हजार रुपये आणि व्याज धरून मुदतीअखेर हातात आले जवळजवळ ६९ हजार ७००. एकही हप्ता चुकला नाही. गॅस महागला तेव्हा नाही, भाऊजींना डेंग्यू झाला तेव्हाही नाही. अशा पैशांवर डोळा ठेवणाऱ्याने नीट उत्तर द्यायला हवं, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

भाचा आला. सहा फूट उंची, खांद्यावर सॅक आणि डब्यात ताईने दिलेली इंदुरी शेव. जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, “काय रे, सत्तर हजारांचा लॅपटॉप कशाला हवा?”

उत्तर तयारच होतं. “मावशी, कोडिंगसाठी. पुढे मशीन लर्निंग आहे, त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं.”

“आणि गेम?”

तो हसला. “थोडेफार.”

मी काही बोलले नाही. वहीतलं एक पान फाडून त्याच्या पुढे ठेवलं आणि म्हटलं, “दोन याद्या कर. एका बाजूला कॉलेजचं काम, दुसऱ्या बाजूला कुठले गेम खेळायचेत ते. नावानिशी. मग बघू.”

पहिली यादी पाच मिनिटांत संपली. पहिल्या दोन वर्षांत प्रोग्रॅम लिहिणं, प्रकल्पाचे अहवाल, इंटरनेट. दुसरी यादी करायला त्याला अर्धा तास लागला, आणि ती करताना त्याचा चेहरा असा काही खुलला होता, की काही विचारायची गरजच उरली नाही. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ हे मित्रांबरोबर खेळायचे. ‘माइनक्राफ्ट’ जुना लाडका. आणि मग मोठी मंडळी : ‘रेड डेड रिडेम्प्शन २’, ‘सायबरपंक २०७७’, आणि २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा नवा गेम.

त्या दोन यादींनी आमचं निम्मं काम केलं. कारण प्रत्येक गेम विकणारी मंडळी त्याला काय यंत्र लागतं ते स्वतःच जाहीर करतात. त्यात दोन रकाने असतात : ‘किमान’ आणि ‘शिफारस’. किमान म्हणजे गेम कसाबसा सुरू होईल. शिफारस म्हणजे खेळताना मजा येईल. आपण ‘शिफारस’ हा रकाना वाचायचा. ‘व्हॅलोरंट’ २०२० सालचा, आणि मुद्दाम साध्या यंत्रांवर चालावा म्हणून बनवलेला. तो वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही चालतो. ‘रेड डेड’ मात्र एकट्यालाच दीडशे जीबी जागा मागतो. आणि इंडियाना जोन्सच्या गेमला तर प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं, म्हणजे ‘रे ट्रेसिंग’ येणारं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो सुरूच होत नाही. म्हणजे ‘गेम खेळायला लॅपटॉप’ हे वाक्यच अपुरं आहे. कुठला गेम, हे आधी विचारायला हवं. लग्नाला साडी हवी म्हटल्यावर दुकानदार विचारतोच ना, स्वतःच्या की नणंदेच्या?

आता हे सगळं ताईला समजावून सांगायचं होतं. फोनवर मी तिच्याच स्वयंपाकघराची भाषा वापरली, आणि गंमत म्हणजे ती तंतोतंत लागू पडली. तुम्हालाही सांगते.

प्रोसेसर म्हणजे मुख्य स्वयंपाकीण. हुशार, एका वेळी पाच-सहा अवघड कामं सांभाळणारी. रॅम म्हणजे ओटा. ओटा जेवढा मोठा, तेवढी भांडी एका वेळी मांडता येतात. आज आठ जीबीचा ओटा नव्या गेमना पुरत नाही, सोळा हवा. एसएसडी म्हणजे कोठीची खोली. सामान तिथे राहतं आणि लागेल तसं ओट्यावर येतं. ५१२ जीबीच्या कोठीत दोन-तीन मोठे गेम ठेवले की ती भरलीच म्हणून समजा. आणि ग्राफिक्स कार्ड? ते म्हणजे लग्नघरातल्या पुऱ्या लाटणाऱ्या बायका. एकेकीचं काम अगदी सोपं, पण शेकडो जणी एकाच वेळी बसलेल्या. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक पुरी. साध्या पडद्यावर असे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि गेममध्ये ते सेकंदाला साठ-साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. मुख्य स्वयंपाकिणीने एकटीने हे करायचं म्हटलं तर तिचे हात गळून पडतील. म्हणून गेमच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड, आणि त्या कार्डाला स्वतःची वेगळी मेमरी, म्हणजे पुऱ्यांची स्वतंत्र परात.

“म्हणजे साध्या लॅपटॉपात पुऱ्या स्वयंपाकीणच लाटते,” ताई म्हणाली. अगदी बरोबर!

कार्डांची नावं ऐकून घाबरायचं कारण नाही. एनव्हीडियाच्या ‘आरटीएक्स ४०५०’ या नावात ४० म्हणजे पिढी आणि ५० म्हणजे त्या पिढीतली पायरी. तिसाव्या मालिकेतलं ३०५० लॅपटॉपसाठी २०२१ मध्ये आलं, ४०५० हे २०२३ मध्ये, आणि २०२५ च्या जानेवारीत पन्नासाव्या मालिकेची घोषणा झाली. नवी पिढी आली, की आधीची पिढी दुकानात स्वस्त होते. बेताच्या पैशांत घेणाऱ्याने हाच मुहूर्त साधायचा. कार्डाची स्वतःची मेमरी मात्र जरूर विचारा. चार जीबीची कार्डं आता तोकडी पडतात, सहा जीबी हे बेताच्या पैशांतलं शहाणपण, आणि आठ असेल तर उत्तमच.

पण खरी मेख पुढे आहे, आणि ती जाहिरातीत ठळक अक्षरांत कधीच नसते. एकाच नावाचं कार्ड दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या वेगाने चालतं! ४०५० हे कार्ड लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवू शकते. पातळ, देखणा लॅपटॉप असेल तर आत उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून कार्डाला वीज कमी दिली जाते. शेगडी तीच, कंपनी तीच, फक्त एकीकडे आच मोठी आणि दुसरीकडे मंद. डाळ दोन्हीकडे शिजेल; पण किती वेळात, हे डबे करणाऱ्या बाईला सांगायला नको.

भाच्याला हे सगळं माझ्याआधी ठाऊक होतं. त्याने मला कोष्टकं दाखवली, वॅट दाखवले. मला एवढंच जाणवत होतं, की मुलाने या विषयाचा किती मन लावून अभ्यास केला आहे! आणि तरीही आईला सांगताना मात्र ‘कोडिंगसाठी’ असं एकच वाक्य. आपल्या घरांत खेळ हा शब्द पैशाच्या शेजारी ठेवायला मुलं का घाबरतात, याचा विचार मला रात्री बराच वेळ झोपू देईना.

शनिवारी आम्ही नेहरू प्लेसला गेलो. दिल्लीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मुंबईला लॅमिंग्टन रोड, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट, तसं दिल्लीला नेहरू प्लेस. मेट्रोतून उतरलं की मोठं मोकळं चौक, भोवती उंच इमारती, आणि त्या चौकात लॅपटॉपच्या बॅगांपासून मोबाइलच्या काचांपर्यंत सगळं पसरलेलं. मजा म्हणजे याच ठिकाणी कापडाचीही मोठी दुकानं आहेत. त्यामुळे एकीकडे पडद्याच्या कापडाचा भाव आणि दुसरीकडे लॅपटॉपच्या पडद्याचा! रविवारी बाजार बंद असतो, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावं.

आम्ही आधीच ठरवून गेलो होतो, की पहिल्या फेरीत काहीही घ्यायचं नाही. चार दुकानांत फक्त बघायचं आणि लिहून आणायचं. एका मोठ्या वातानुकूलित दुकानातल्या तरुण विक्रेत्याने भाच्याला बरोबर हेरलं. माझ्याकडे पाठ करून त्याने एक लॅपटॉप उघडला. कळफलकावर लाल, निळे, जांभळे दिवे लागले. दिवाळीच्या माळा बऱ्या! आत ४०६० कार्ड, आठ जीबी परात. भाव ८७ हजार.

“आमचं बजेट सत्तर आहे,” मी हिंदीत सांगितलं.

“कोई बात नहीं मैडम, ईएमआय करा देते हैं. नो कॉस्ट. बच्चे के फ्यूचर का सवाल है.”

‘बच्चे का फ्यूचर’ म्हटलं की आईबाप विरघळतात, हे या मंडळींना पक्कं माहीत असतं. भाचा काही बोलला नाही, पण त्याची बोटं त्या कळफलकावरून निघत नव्हती. मी विक्रेत्याला म्हटलं, हप्त्यांचा हिशेब कागदावर लिहून दे. वाचकहो, हे जरूर करून बघा. ‘नो कॉस्ट’ म्हणजे बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून व्याज दिसत नाही. पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, आणि वर प्रक्रिया शुल्क असतं ते वेगळंच. शिवाय रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते, ती हप्तेवाल्याला बहुधा मिळत नाही. रक्कम फार मोठी नसते. पण ती शून्यही नसते.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. भाचा गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, वरचे सतरा हजार मी कमावून फेडीन. शिकवण्या घेईन.”

“घेशील रे. पण पहिला हप्ता पुढच्या महिन्यात आहे, आणि शिकवणी अजून लागलेली नाही. तोपर्यंत कोण भरणार?”

त्याने चहाच्या कागदी कपाचं काठ दुमडायला सुरुवात केली. “आई,” तो म्हणाला. “तिला अजून एक डबा वाढवावा लागेल.”

त्यानंतर ८७ हजारांचं नाव त्याने काढलं नाही.

दुसऱ्या फेरीत दोन लॅपटॉप समोर राहिले. दोन्हींत ४०५० कार्ड, सहा जीबी. पहिला पातळ, देखणा, ६२ हजारांचा, पण कार्डाला पन्नास वॅटच्या आत वीज. दुसरा जाडजूड, सव्वादोन किलोच्या वर, काळा आणि साधा, ६८ हजारांचा. त्याच्या कार्डाला शंभराच्या आसपास वॅट. पहिल्याचा पडदाही फिका होता. स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपन्या पहिली काटकसर करतात ती पडद्यात. म्हणून दुकानात दोन्ही शेजारी ठेवून एकच रंगीत चित्र उघडायचं. मग कोष्टक वाचायची गरज पडत नाही, डोळाच सांगतो. १४४ हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा नवा होतो. तो हवा, पण फिक्या पडद्याला १४४ वेळा नवं करून तो काही रंगीत होत नाही.

दुसऱ्या लॅपटॉपात एक उणीव होती. रॅम आठच जीबी. भाच्याने विक्रेत्याची परवानगी घेऊन टास्क मॅनेजर उघडला. तिथे मेमरीच्या पानावर लिहिलेलं असतं, की दोन खाचांपैकी किती भरल्या आहेत. एक भरलेली, एक रिकामी! म्हणजे आठ जीबीची आणखी एक पट्टी बसवली की काम झालं. आणि दोन पट्ट्या जोडीने असल्या की एका मोठ्या पट्टीपेक्षा वेगही बरा मिळतो. त्या उन्हाळ्यात ही पट्टी दोन-अडीच हजारांत मिळत होती. (२०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव फार चढले, तेव्हा आता घेणाऱ्यांनी सोळा जीबी आधीच असलेला लॅपटॉप आणि आठचा अधिक पट्टी, असे दोन्ही हिशेब मांडून बघावेत.) काही पातळ लॅपटॉपांत रॅम आतच डाग देऊन बसवलेली असते, ती वाढवताच येत नाही. हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा, नंतर नव्हे.

ती पट्टी मावशीची भेट, असं मी जाहीर केलं.

डेस्कटॉपचाही विचार आम्ही केला होता, बरं का. त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, उन्हाळ्यात कमी तापतो आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. मूल घरीच राहणार असेल तर माझं मत डेस्कटॉपलाच. पण वसतिगृहाची खोली, सुट्टीत इंदूर आणि वर्गात नेण्याची गरज, यांपुढे तो हरला.

पैसे द्यायच्या आधी मी म्हटलं, “आता आईला फोन लाव. आणि तूच सांग.”

“काय सांगू?”

“खरं.”

तो चौकातल्या पायऱ्यांवर बसला. फोन स्पीकरवर होता. आधी तो नेहमीसारखाच बोलला : प्रोसेसर, रॅम, कोडिंग. मग थांबला. आणि म्हणाला, “आई, अभ्यासाला बेचाळीस हजारांचा पण चालतो. सोळा जीबीवाला. पहिली दोन वर्षं तर आरामात. वरचे सव्वीस हजार गेमसाठी आहेत.”

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. ताई काही बोलली नाही. दहा-बारा सेकंद असतील, पण मला ते फार लांब वाटले.

“कोणाबरोबर खेळतोस तू?” तिने विचारलं.

मी चकित झाले. मला वाटलं होतं, ती पैशांबद्दल विचारेल.

त्याने चार नावं घेतली. शाळेतली मुलं. एक पुण्याला, एक कोट्याला, एक भोपाळला, एक इंदूरलाच राहिलेला. “रात्री तासभर सगळे एकत्र येतो, आई. खेळतो कमी, बोलतोच जास्त.”

आमच्या लहानपणी भावाची टोळी कट्ट्यावर बसायची. दिवे लागले तरी उठायची नाही, आणि आई गॅलरीतून हाक मारायची. आता ती टोळी चार शहरांत विखुरली आहे आणि तिचा कट्टा पडद्यावर आहे. कानाला हेडफोन लावून ‘डावीकडे बघ, डावीकडे!’ असं ओरडणारं आपलं मूल एकटं बसलेलं दिसतं. ते एकटं नसतं. याचा अर्थ रात्रभर बसावं असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला २०१९ मध्ये आजारांच्या यादीत मान्यता दिली आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्यात सांगितलेली लक्षणं नीट वाचावीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकीच्या सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असणं. गेम आवडतो, एवढ्याने कुणी रोगी ठरत नाही.

ताईची आणखी एक भीती होती. तिच्या ओळखीच्या एका घरात मुलाने मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात मोठी रक्कम घालवली होती. तिच्या लेखी ते सगळे ‘गेम’च. मी तिला सांगितलं, ताई, तो जुगार, हा खेळ. आम्ही खरेदी केली त्याच महिन्यात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सना मात्र वेगळी मान्यता दिली. म्हणजे हा फरक सरकारनेही मानला. तरी एक अट आम्ही घातलीच. फुकटच्या गेममध्येही रंगीत पोशाख आणि शस्त्रं विकायला ठेवलेली असतात, म्हणून कुणाचंही कार्ड त्या लॅपटॉपवर साठवून ठेवायचं नाही.

ताईने त्या दिवशी फोनवर शेवटी हिशेब केला. ती डब्यांचा हिशेब करते तसाच, मोठ्याने. “सव्वीस हजार. चार वर्षं. म्हणजे अठ्ठेचाळीस महिने. महिन्याला साडेपाचशेच्या आतच की! तुझे बाबा एवढ्याचे पोहे-जिलबी खातात.” मग म्हणाली, “घे. पण मला दाखवायचं, काय खेळतोस ते.”

लॅपटॉप घेतला. पेटी आमच्यासमोर उघडली, पेटीवरचा आणि यंत्राखालचा क्रमांक बिलाशी जुळवून पाहिला, पक्कं जीएसटीचं बिल भाच्याच्या नावाने घेतलं. दुरुस्तीला कंपनीचा माणूस घरी येणार की आपण केंद्रावर न्यायचं, हेही विचारून घेतलं. वसतिगृहात राहणाऱ्याला तो फरक मोठा पडतो. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. सहा महिन्यांनी ते मॉडेल राहणारही नाही.

घरी आणल्यावर दोन गोष्टी कळल्या, ज्या दुकानात कुणी सांगत नाही. एक म्हणजे गेम खेळायचा तर तारेला जोडूनच. बॅटरीवर यंत्र आपोआप मंदावतं आणि तासाभरात मान टाकतं. अडॅप्टरही विटेएवढा आणि अर्ध्या किलोच्या घरातला, तो सॅकेत धरावाच लागतो. दुसरं म्हणजे आवाज. पंखे सुरू झाले की मिक्सर लावल्यासारखं वाटतं. गादीवर ठेवून खेळलं तर खालच्या झडपा बुजतात आणि यंत्र तापतं. म्हणून टेबल हवं, आणि वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्यायला हवी.

दिवाळीत मी इंदूरला गेले होते. फराळ झाल्यावर भाच्याने लॅपटॉप आईसमोर मांडला आणि ‘राजी’ नावाचा गेम लावला. २०२० साली आलेला हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी बनवला आहे. जुन्या काळातली एक डोंबाऱ्याची पोर, तिचा भाऊ राक्षसांनी पळवलेला, आणि त्याला शोधायला ती एकटी निघालेली. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, भिंतींवरची चित्रं, आणि गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. ताई आधी पदराला हात पुसत उभ्याउभ्याच बघत होती. मग बसली. मग म्हणाली, “दे जरा इकडे.” तिच्या हातून ती पोर भिंतीवरून तीनदा खाली पडली. चौथ्यांदा पलीकडे पोचली तेव्हा ताईने टाळी वाजवली आणि भाऊजी स्वयंपाकघरातून विचारत आले, “काय झालं?”

निघताना मी तिची डब्यांच्या हिशेबाची वही सहज चाळली. ऑगस्टच्या पानावर, डाळ-तांदूळ-गॅसच्या खाली, तिच्या टपोऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. ‘शिक्षण – ४२,०००. खेळ – २६,०००.’ पाच वर्षांच्या त्या वहीत ‘खेळ’ या नावाने लिहिलेला तो पहिलाच खर्च असावा.

आपल्याकडे मुलांच्या लॅपटॉपची चर्चा बहुधा ‘कितीचा?’ इथे सुरू होते आणि ‘कशाला एवढ्याचा?’ इथे संपते. त्याऐवजी मुलाच्या पुढे एक कागद ठेवून बघा. दोन रकाने, अभ्यासाचा आणि खेळाचा. प्रत्येक गेमचं नाव, त्याची शिफारस, आणि पुढे रुपये. मग तुम्हाला परवडेल तेवढं द्या, नाही परवडत तर तसं स्पष्ट सांगा. बेचाळीसचाच घेतलात तरी त्यावर ‘व्हॅलोरंट’ आणि ‘माइनक्राफ्ट’ चालतील, कट्टा मोडणार नाही. पण खेळाचे पैसे अभ्यासाच्या नावावर मागायला मुलांना लावू नका. पुढची चार वर्षं ती तुमच्यापासून दूर राहणार आहेत. तिकडून फोनवर ती तुम्हाला काय सांगतील आणि काय लपवतील, याची सवय याच खरेदीत लागत असते.